कल्लाप्पाची बुडी

"माझ्या टाकीत त्या मुडद्याला बुडवायचं म्हनता? बुडवा की! खुशाल बुडवा. पर एकदा बुडवला की वर काढायचा न्हाई, एवढं बघा!"

तुंगाबाई शेवंतीच्या वाफ्यात उभी राहून एवढ्या मोठ्यानं बोलली की फुलं खुडणाऱ्या चारही बायांचे हात थांबले. तिच्यापुढं पास्टर प्रदीपकुमार उभा होता. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि वाळका, चपला हातात. ओल्या वाफ्यात चपला घालून जाऊ नये एवढी अक्कल त्याला होती, म्हणून मी त्याला पहिल्यापासून थोडा मान देत आलोय.

मी बाळण्णा. होंगेपुऱ्यात माझं इडलीचं हॉटेल आहे. त्या दिवशी पास्टरबरोबर मी गेलो होतो, कारण एकट्यानं तुंगाबाईपुढं जायची त्याची छाती नव्हती. माझीही नव्हती, पण दोघं असलो म्हणजे शिव्या वाटून घेता येतात.

आमचं गाव सर्जापूर रोडवरून आत वळलं की लागतं. म्हणजे पूर्वी लागायचं. आता अपार्टमेंटं लागतात आणि त्यांच्या मधे कुठंतरी गाव सापडतं. आमचे मराठे शिवाजीराजांच्या वडलांच्या काळात कुठल्याशा फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आले, घोडी मेली, परतायचा उत्साह संपला आणि इथंच नाचणी पेरून बसले, असं माझा आजा सांगायचा. घरात मराठी, बांधावर कानडी, आणि भांडण लागलं की दोन्ही.

तर पास्टरचं म्हणणं साधं होतं. कल्लाप्पाला बाप्तिस्मा द्यायचा, त्याला छातीएवढं पाणी लागतं. गावच्या तलावात अपार्टमेंटवाल्यांचं सगळं सांडपाणी येतं. तलावाला पांढरा फेस चढतो आणि वारा सुटला की रस्त्यानं जाणाऱ्यांच्या तोंडावर बसतो. तिथं पाप धुवायला गेला तर माणूस खरूज घेऊन येईल. स्वच्छ आणि खोल पाणी सबंध गावात एकाच ठिकाणी, भीमसेनच्या सिमेंटच्या टाकीत. अकराशे फूट खालून बोअरनं आणलेलं, शेवंतीसाठी साठवलेलं.

आणि भीमसेन म्हणजे तुंगाबाईचा नवरा. आणि कल्लाप्पा म्हणजे ज्यानं अठरा वर्षांपूर्वी भीमसेनची वैरणीची गंजी पेटवली तो. गंजीला लागून गोठा होता. गोठ्यात करिया आणि केंपा, ही बैलजोडी. भीमसेन दावी सोडायला आत शिरला. करियाचं दावं सुटलं नाही, केंपाचं सुटलं तर तो जोडीदाराला सोडून हलेना. दोन्ही बैल गेले, आणि भीमसेनचा डावा हात कोपरापर्यंत करपला. आजही त्या हाताची कातडी वाळलेल्या केळीच्या पानासारखी दिसते. कल्लाप्पानं पेटवली हे सगळ्या गावाला ठाऊक. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र कुणीच काही पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं. त्यानंतर भीमसेननं पुन्हा बैल पाळले नाहीत आणि कल्लाप्पाशी एक शब्द बोलला नाही.

कल्लाप्पाची बाकीची थोरवी सांगत बसलो तर इडल्या करपतील. कोंबड्या, नारळ, पंपाची वायर, वाळत घातलेली लुगडी, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. बायकोला मारायचा, ती लेकीला घेऊन शहरात बनशंकरीला भावाकडं गेली ती परतली नाही. त्यानंतर तो दारू पीत होता की दारू त्याला पीत होती हे ओळखणं अवघड झालं. शेवटी यकृत गेलं. पोट घागरीसारखं फुगलं, हातपाय काटक्या झाले, डोळे हळदीनं माखल्यागत. सरकारी दवाखान्यात वीस दिवस पडला होता. आमच्यातलं कुणी बघायला गेलं नाही. खोटं कशाला सांगू, पीडा जाणार म्हणून आम्ही खूश होतो.

गेली ती पास्टरची बायको, सत्यवती. रोज दोन बस बदलून ती डब्यातून पेज न्यायची. ती एकदा पेज पाजत असताना कल्लाप्पानं तिचा स्टीलचा डबाच उशीखाली दडवला. तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं झाकणही आणून दिलं. म्हणाली, "डबा ठेवलास, झाकन इसरलास."

ह्या झाकणानं कल्लाप्पा खचला म्हणतात. डॉक्टरनं चार-सहा महिने सांगून घरी धाडलं, तो थेट पास्टरच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडात जाऊन बसला, आणि दुसऱ्याच रविवारपासून गावभर सांगत सुटला, "माझं सगळं माफ झालं! कोंबड्यासकट!"

गावाच्या पोटात कळ उठली ती इथं.

माझ्या हॉटेलात श्रीधरराव पास्टरला आडवे गेले. श्रीधरराव म्हणजे मारुतीच्या देवळाचे अध्यक्ष. शनिवारचा उपास, कपाळाला अष्टगंध, आणि गावातल्या प्रत्येकाच्या पापाची तोंडपाठ यादी.

"काय हो पास्टर," ते बशीत कॉफी ओतत म्हणाले, "चाळीस वर्षं मी शनिवार धरतो. कांदा न्हाई, लसून न्हाई. अन् हा गावचा उकिरडा एका बुडीत सोर्गात? ह्यो कुठला न्याय?"

पास्टर पूर्वी यशवंतपूरच्या बाजारात हमाल होता. महाराष्ट्रातनं येणाऱ्या कांद्याच्या गाड्या उतरवता उतरवता मराठी शिकला, त्यामुळं त्याच्या मराठीला थोडा कांद्याचा वास यायचा. तो म्हणाला, "न्याय न्हाईच हा, अण्णा. न्याय लावला तर मी पन खलास. ही कृपा."

"कृपा करायची तर लायकी बघून करावी मानसानं!"

"लायकी बघून दिलं तर ते बक्षीस. काम बघून दिलं तर पगार. काहीच न बघता दिलं, ती कृपा."

"मग मी शनिवार कशाला धरू?"

"ते मला कसं ठाऊक? पोटाला बरं असतं म्हनतात."

हॉटेलातली माणसं हसली आणि श्रीधररावांची कॉफी नाकात गेली.

तर असा हा सगळा मामला डोक्यावर घेऊन आम्ही शेवंतीच्या वाफ्यात उभे होतो. तुंगाबाईचं बोलून झालं. म्हणजे झालं नव्हतं, ती दम घेत होती. तेवढ्यात टाकीच्या आडून भीमसेन आला. हातात पाइप, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, पायाला तांबडी माती. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"कधी पायजे टाकी?" त्यानं विचारलं.

तुंगाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"रविवारी. धा वाजता," पास्टर म्हणाला.

"सरी, देतो. पर एक अट हाय. टाकीच्या कट्ट्यावर हुभं ऱ्हावून, समद्या गावापुढं, त्यानं त्वांडानं सांगायचं. काय काय केलं ते. समदं."

पास्टर घुटमळला. "अण्णा, अट घालून कृपा मिळत न्हाई..."

"कृपा तुज्या देवाची. टाकी माझी."

ह्यावर पास्टरला बायबलात काही सापडलं नसावं. तो मान हलवून चपला घालायला बांधावर गेला. आम्ही निघालो तरी तुंगाबाईचा आवाज मागं येतच होता. "अठरा वर्सं मी ह्या मानसाचा हात तेल लावून चोळते, अन् हा त्या राक्षसाच्या आंघोळीची सोय करतोय! साबन पन दे म्हनं! पंचा पन दे!"

रविवारी सारं गाव लोटलं. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं, नाचणीची कापणी उरकलेली, अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा वास रानभर सुटलेला. पास्टरची सात-आठ माणसं पांढरे कपडे घालून एका बाजूला गात होती. आम्ही दुसऱ्या बाजूला. श्रीधरराव पुढं, हाताची घडी घालून. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की ते निषेध म्हणून आलेत. निषेध म्हणून त्यांनी बसायला खुर्चीपण आणली होती.

भीमसेन लांब, नारळाला टेकून उभा. तुंगाबाई घरात. पण खिडकी उघडी.

कल्लाप्पाला दोघांनी धरून कट्ट्यावर चढवला. पांढरा शर्ट त्याच्या पोटावर ताणून बसला होता. आम्हाला बघून तो हसला. लाजून बिजून नाही, जत्रेत कुस्ती मारलेल्या पैलवानासारखा.

"तर मंडळी," तो म्हणाला, "सुरवात कोंबड्यांपासनं करतो."

आणि केली. कुणाची कोंबडी, कोणत्या सणाच्या आदल्या दिवशी, रस्सा कसा झाला होता, काही गाळलं नाही. पहिल्यांदा लोक चिडले, मग हसायला लागले. नारळ झाले. वायरी झाल्या. बायकोवर आला तेव्हा मात्र त्यानं मान खाली घातली. "सत्रा वर्सं हातात सापडंल त्यानं मारली. लेकीदेखत," एवढंच म्हणाला. कुणी हसलं नाही.

मग त्यानं मान वर केली. "आता मोटर. श्रीधररावांच्या विहिरीवरची मोटर मीच काढली. दीड एचपीची. ती घेतली आपल्या..."

मी एवढ्या जोरात खोकलो की शेजारचे दोघे माझी पाठ थोपटायला लागले. काही उपयोग झाला नाही.

"...बाळण्णानं. अजून त्याच्या हॉटेलाला पानी त्याच मोटरनं चढतं. चांगली हाय मोटर."

श्रीधरराव खुर्चीतून उठले. "बाळ्या! भाड्या! माझ्या मोटरीचं पानी मलाच कॉफीत पाजतोस?"

"बसा, बसा," कल्लाप्पा म्हणाला, "तुमचं पन येतंय. देवळातली जुनी घंटा. समद्या गावानं मला चोर म्हनून मारला, हितं, ह्या बरगडीवर. ती घंटा मी काढली खरी. पर काढाय सांगितली कुनी? श्रीधररावांनी. का, तर नव्या घंटेवर त्यांच्या पोराचं नाव घालायचं हुतं, अन् जुनी हलल्याबिगर जागा हुईना. मला म्हनले, कल्ल्या, तुझं नाव आदीच खराब हाय, अजून एकानं काय हुतंय."

मारुतीसुद्धा दचकला असेल. मग गर्दीत चुळबूळ सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी कल्लाप्पाकडून काही स्वस्तात घेतलं होतं, ज्यांनी त्याच्या हातून कुणाचा बांध सरकवला होता, ते सगळे एकदम धार्मिक झाले.

"बास की आता! देवाला कळलं समदं!"

"आजारी मानूस हाय, किती वेळ हुभा करताय!"

श्रीधरराव तर कट्ट्यापाशी धावले. "ओ पास्टर! बुडवा, बुडवा त्याला! मुहूर्त टळंल!"

पास्टर म्हणाला, "आमच्यात मुहूर्त नसतो, अण्णा."

"नसला तर आमचा घ्या! पर बुडवा!"

तेवढ्या गोंधळात भीमसेन नारळापासून हलला. तो पुढं आला तशी माणसं आपोआप बाजूला झाली. कट्ट्याच्या खाली उभं राहून त्यानं कल्लाप्पाकडं वर बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

कल्लाप्पाचं हसू गेलं. "गंजी," तो म्हणाला. "गंजी मी पेटवली. काडी माझी. बैल आत हुते, मला म्हाईत हुतं."

खिडकीत काहीतरी भांडं पडलं.

पास्टर आणि कल्लाप्पा टाकीत उतरले. पास्टरनं एक हात त्याच्या पाठीला, एक छातीला लावला, कानडीत मंत्रासारखं काही म्हटलं आणि त्याला मागं झुकवलं. आता टाकीच्या तळाला शेवाळ असतं हे शेतकऱ्याला कळतं, पास्टरला नाही. कल्लाप्पाचं घागरीएवढं पोट आणि पास्टरचे शेवग्याचे पाय. पाय सटकले आणि दोघेही पाण्याखाली गेले.

आम्ही बघत राहिलो. बाप्तिस्मा आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, आम्हाला वाटलं विधीच असा. बुडबुडे आले. श्रीधरराव मला म्हणाले, "लई पाप हाय, वेळ लागनारच." मग पास्टर एकटाच वर आला, नाकातोंडातून पाणी, हात चाचपडताहेत, आणि सत्यवती किंचाळली, "अय्यो! तो कुठंय? तो कुठंय?"

भीमसेननं उडी मारली. लुंगीसकट. खाली वाकला आणि कल्लाप्पाची शेंडी, शेंडी कसली, उरलेसुरले केस, मुठीत धरून त्याला वर ओढला. त्याच करपलेल्या हातानं. कट्ट्यावर पालथा घालून पाठीत असे धपके घातले की त्यात अठरा वर्षांचे दोन-चार जास्तीचे असावेत. कल्लाप्पा ओकला, खोकला, रडला, आणि शेवटी श्वास घ्यायला लागला.

दोघे ओले कट्ट्यावर बसले. गाव जवळ जाईना. मी तेवढा टॉवेल घेऊन गेलो, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलं.

भीमसेननं विचारलं, "का लावलीस?"

"आं?"

"गंजी. का लावलीस? जत्रंत माझी जोडी पैली आली म्हनून? का बांधाच्या भांडनात मी तुझ्या भावाकडनं बोललो म्हनून? का आनि काय? अठरा वर्सं मी कारन शोधतोय."

कल्लाप्पानं बराच वेळ आठवून बघितलं. पिवळे डोळे आकाशाकडं लावले, जमिनीकडं लावले. मग म्हणाला, "आठवत न्हाई रे."

"आठवत न्हाई?"

"प्यालो हुतो. काडी आठवती. कारन न्हाई आठवत. असलंच न्हाई वाटतं."

मला वाटलं, आता भीमसेन ह्याला पुन्हा टाकीत टाकणार. पण तो नुसता बसून राहिला. अठरा वर्षं माणसानं एक ओझं वाहावं आणि उतरवल्यावर आत फक्त भुसा निघावा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

"माफ केलंस?" कल्लाप्पानं बारीक आवाजात विचारलं.

"न्हाई."

"सरी."

"माफी तुज्या देवाला म्हाईत. मला जमत न्हाई."

"सरी, सरी."

भीमसेन उठला, लुंगी पिळली, दोन पावलं गेला आणि मागं न बघता म्हणाला, "गारठलायस. चल, जेवून जा."

पुढचं मी दारातून बघितलं, आणि माझ्यामागं अर्धं गाव. तुंगाबाई चुलीपाशी बसली होती. डोळे लाल. भीमसेन म्हणाला, "वाढ." ती उठली नाही. तो पुन्हा म्हणाला नाही. नुसता बसला, शेजारी कल्लाप्पा, दोघांच्या अंगातून जमिनीवर पाणी ठिबकतंय. मग तिनं दोन ताटं घेतली. कल्लाप्पाचं ताट असं आपटलं की नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेला गोळा, उडून पुन्हा ताटातच पडला. वर अवरेचं सारू ओतलं, निम्मं ताटात, निम्मं त्याच्या मांडीवर.

कल्लाप्पा खाली मान घालून जेवला. ताट पुसून खाल्लं. आणि मग त्या माणसानं, ज्यानं तिचे बैल जाळले, तिचा नवरा करपवला, त्यानं मान वर करून म्हटलं, "अक्का, सारू ब्येस झालंय. स्वल्प आनि वाढ की."

सत्यवतीनं तोंडात पदर घातला. तुंगाबाईनं पळी उचलली. आम्हाला वाटलं, डोक्यात बसणार.

तिनं वाढलं.

"गिळ," ती म्हणाली. "निर्लज्जा."

त्यानंतर कल्लाप्पा रविवारी प्रार्थना झाली की भीमसेनकडं जेवायला यायचा. कुणी बोलवायचं नाही, कुणी हाकलायचं नाही. सुधारला म्हणावं तर एकदा त्यांची पळी घेऊन गेला, पण बुधवारी स्वतःच परत आणून दिली, आणि एवढ्यानं पास्टरला इतका आनंद झाला की त्यानं त्यावर पाऊण तास प्रवचन दिलं. मी श्रीधररावांना मोटर परत केली. ते म्हणाले, "असू दे, वापर." घंटेबद्दल मी कुठं बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ.

एप्रिलात, कडक उन्हाळ्यात कल्लाप्पा गेला. दुपारी, पत्र्याच्या शेडात, सत्यवतीच्या हातचं ताक पिता पिता.

आणि मग घोळ झाला. श्रीधरराव म्हणाले, तो आपल्यातून गेला, आपल्या मसणवट्यात जागा नाही. पास्टर शहरातल्या एका ख्रिस्ती दफनभूमीत धावला, तिथल्या कारकुनानं सांगितलं, तुमच्या पत्र्याच्या शेडाची आमच्याकडं नोंद नाही. बनशंकरीला लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आईला सांगते. आम्ही येणार न्हाई. तुमचं तुम्ही बघा." तिला कोण काय म्हणणार?

ऊन वाढत होतं. मेलेला माणूस थांबत नाही. पास्टर माझ्या हॉटेलच्या पायरीवर डोकं धरून बसला आणि म्हणाला, "अण्णा, सोर्गात जागा मिळाली हो. सर्जापूर रोडला मिळंना."

तेवढ्यात तुंगाबाई आली. फुलांची पाटी डोक्यावर, घामानं निथळत.

"कशाला रडताय?" ती म्हणाली. "आमच्या वरच्या कोपऱ्यात नवं आंब्याचं रोप लावलंय, त्याच्या शेजारी पुरा. जिता असताना कुनाच्या कामाला आला न्हाई. आता आंब्याला तरी येईल."

भीमसेननं स्वतः खड्डा खणला. पास्टरही लागला. मी आणि आणखी चौघे-पाच जण फावडी घेऊन गेलो. मनाविरुद्ध म्हणा, पण गेलो. तांबडी माती वर एवढी कडक की कुदळ ठणठण वाजत होती, आणि दोन हात खाली गेल्यावर एकदम मऊ, गार लागली.

खड्डा अर्धा झाला असेल, तेव्हा रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. जमिनी बघत फिरणारा एजंट उतरला, काळा चष्मा, दोन फोन. दोरी लावून मोजलेली जागा आणि खणणारी माणसं बघून तो बांधावरनं तुंगाबाईला म्हणाला, "अक्का, विकायला काढली? सांगितलं न्हाई! कितीला दिला हा तुकडा?"

"फुकट," तुंगाबाई म्हणाली.

एजंटनं चष्मा काढला. ह्या रस्त्यावर हा शब्द त्यानं कधी ऐकला नसावा. "फुकट? सर्जापूर रोडला? कोन एवढा मोठा मानूस हाय?"

"कुनी न्हाई. चोर हाय एक," ती म्हणाली. "तू बाजूला हो. घेऊन यायलीत त्याला."